सेमी-रिजिड जॉइंट: ना पूर्ण पिन, ना पूर्ण रिजिड, मग अ‍ॅनालिसिसमध्ये त्याचं करायचं काय?

सॉफ्टवेअरमध्ये स्टील फ्रेमचं मॉडेल करताना बीमच्या टोकाला काय द्यायचं हा प्रश्न आपण एका क्लिकमध्ये उरकून टाकतो. काहीच केलं नाही तर जॉइंट रिजिड, मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, रिलीज केला (पुढे जाऊ दिला नाही) तर पिन, झालं काम. मग ड्रॉइंग निघतं तेव्हा त्या पिनच्या जागी वेबला, म्हणजे बीमच्या मधल्या उभ्या पट्टीला, लावलेले दोन अँगल आणि बोल्टांची एक ओळ असते, रिजिडच्या जागी एंड प्लेट आणि आठ बोल्ट असतात. आणि खरं सांगायचं तर यातलं पहिलं कनेक्शन काही बिजागरीसारखं मोकळं फिरत नाही आणि दुसरंही काही बीम-कॉलम एकसंध ओतल्यासारखं वागत नाही. दोन्ही फिरतात, दोन्ही थोडा मोमेंट घेतात, फरक फक्त किती याचा. त्या 'किती'ला आकडा देऊन अ‍ॅनालिसिस केलं की त्याला सेमी-रिजिड म्हणायचं, बाकी यात गूढ असं काही नाही.

एक गोष्ट मात्र आधीच साफ करून घेऊ, कारण इथे बरेच जण अडकतात. रिजिड जॉइंट म्हणजे न फिरणारा जॉइंट नव्हे. रिजिड जॉइंट फिरतो, पण बीम आणि कॉलम दोघं बरोबर फिरतात, लोड यायच्या आधी त्यांच्यात ९० अंशांचा कोन होता तर लोड आल्यावरही तो ९०च राहतो. पिनमध्ये बीमचं टोक आपलं आपण फिरतं, कॉलमला त्याचा पत्ताही लागत नाही. सेमी-रिजिडमध्ये हा मधला कोन थोडा बदलतो आणि जसजसा बदलतो तसतसा कनेक्शनमधून मोमेंट जातो. म्हणजे आपण ज्या रोटेशनबद्दल बोलतोय ते बीम आणि कॉलम यांच्यातलं एकमेकांच्या तुलनेतलं रोटेशन आहे, पूर्ण जॉइंटचं नाही. हा मोमेंट उभ्या अक्षावर आणि हे रोटेशन आडव्या अक्षावर घेऊन जो कर्व्ह निघतो तो एम-थीटा कर्व्ह, आणि त्याचा उतार म्हणजे कनेक्शनचा रोटेशनल स्टिफनेस, फिरण्याला होणारा विरोध. उतार शून्य तर पिन, उतार अनंत तर रिजिड. म्हणजे पिन आणि रिजिड हेसुद्धा स्टिफनेसचे दोन आकडेच आहेत, फक्त दोन्ही आकडे असे की प्रत्यक्षात कुठल्याच कनेक्शनला मिळत नाहीत.

हे रोटेशन येतं कुठून ते जरा जवळून बघू. समजा बीमच्या टोकाला १६ मिलिमीटरची एंड प्लेट वेल्ड केलीय आणि ती कॉलमच्या फ्लॅंजवर, म्हणजे बाहेरच्या रुंद पट्टीवर, बोल्टांनी आवळलीय. बीमवर लोड आला की टोकाशी वरची बाजू ताणात जाते, खालची दाबात. वरच्या बोल्टांवर ओढ बसते आणि ते किंचित लांबतात, त्या बोल्टांच्या आसपास एंड प्लेट वाकते आणि प्लेट आणि फ्लॅंज यांच्यात फीलर गेजनेच कळेल एवढी फट पडते, पलीकडे कॉलमची फ्लॅंजही त्याच ओढीने पुढे येते, फ्लॅंजमागचा वेब ताणला जातो, खाली बीमची दाबातली फ्लॅंज कॉलमच्या वेबमध्ये रुतायला बघते, आणि या वरखालच्या दोन बलांमुळे कॉलमच्या वेबचा मधला चौकोन शिअरमध्ये तिरका होतो. यातली प्रत्येक हालचाल इतकी लहान की नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही. पण वरच्या बोल्टांपासून खालच्या फ्लॅंजपर्यंतचं अंतर ३५० मिलिमीटर धरलं आणि या सगळ्या हालचालींची बेरीज ०.९ मिलिमीटरच्या आसपास आली, तर रोटेशन झालं ०.००२५ रेडियन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे हिशेबात हाच आकडा येणार आहे आणि तेव्हा कळेल की तो अजिबात किरकोळ नाही.

आता हे सगळे भाग एकामागे एक जोडलेल्या स्प्रिंगांसारखे आहेत, आणि अशा रांगेत सगळ्यात मऊ स्प्रिंग असते तीच एकूण स्टिफनेस ठरवते. युरोकोड ३, म्हणजे युरोपचा स्टील डिझाइनचा कोड, त्याच्या भाग १-८ मधली कंपोनंट मेथड नेमकं हेच करते, बोल्ट, एंड प्लेट, कॉलम फ्लॅंज, कॉलम वेब असा प्रत्येक भागाचा वेगळा स्टिफनेस काढायचा आणि मग लिव्हर आर्मचा (वरची ओढ आणि खालचा दाब यांच्यातल्या अंतराचा) वर्ग लावून एकत्र करायचे. यातून एक फार उपयोगाची गोष्ट कळते. प्लेट वाकण्याचा स्टिफनेस तिच्या जाडीच्या घनावर जातो, त्यामुळे १२ ची प्लेट १६ ची केली तर त्या एका भागाचा स्टिफनेस जवळजवळ २.४ पट होतो. बोल्ट वेबपासून किती लांब ठेवलेत तेही घनातच येतं, फक्त उलट्या बाजूने, बोल्ट लांब सरकवले की स्टिफनेस झपाट्याने पडतो. पण तुम्ही प्लेट २५ ची केली आणि कॉलमची फ्लॅंज पातळच राहिली, मागे स्टिफनर (आधाराची पट्टी) नाही, तर त्या जाड प्लेटचा काही फायदा नाही, कारण मऊ स्प्रिंग आता कॉलममध्ये आहे. 'जाड प्लेट टाकलीय, रिजिड झालं' हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मला विचारावंसं वाटतं की बाबा, कॉलमकडे बघितलंस का?

आता हिशेब. एक बीम घ्या, स्पॅन ६ मीटर, त्यावर सारखा पसरलेला लोड ३० किलोन्यूटन प्रति मीटर, आणि बीमचा ईआय (वाकण्याला होणारा विरोध) २७,००० किलोन्यूटन-मीटर वर्ग, म्हणजे स्टीलचा ई २,००,००० मेगापास्कल धरून आय १३,५०० सेंमी चतुर्घात, साधारण ३५० मिलिमीटर खोलीचा बीम. दोन्ही टोकांना पिन धरलं तर मधोमध मोमेंट येतो लोड गुणिले स्पॅनचा वर्ग भागिले ८, म्हणजे १३५ किलोन्यूटन-मीटर, आणि टोकाला शून्य. दोन्ही टोकं पूर्ण फिक्स धरली तर टोकाला भागिले १२, म्हणजे ९०, आणि मधोमध उरतात ४५. बीमचं सेक्शन सगळीकडे एकच असतं, त्यामुळे एका मॉडेलमध्ये १३५ साठी डिझाइन करायचं आणि दुसऱ्यात ९० साठी, आणि दोन्ही वेळा बीमचा बराचसा भाग रिकामाच बसलेला.

आता टोकाला स्प्रिंग टाकू. स्प्रिंगचा स्टिफनेस के म्हणू. सोयीसाठी कॉलम फिरत नाही असं धरू, म्हणजे फक्त कनेक्शनचा परिणाम दिसेल. बीम पिन असता तर त्याचं टोक ०.०१ रेडियन फिरलं असतं, स्प्रिंग त्याला थोडं मागे खेचते, आणि खेचून उरलेलं रोटेशन गुणिले के बरोबर टोकाचा मोमेंट. हे समीकरण सोडवलं की उत्तर येतं: टोकाचा मोमेंट म्हणजे फिक्स्ड-एंड मोमेंट (पूर्ण फिक्स टोकाचा, वरचा ९०) भागिले, एक अधिक दोन ईआय भागिले के-एल, यात एल म्हणजे स्पॅन. या सूत्रात के एकटा कुठेच येत नाही, तो कायम के-एल भागिले ईआय अशाच जोडीने येतो. या गुणोत्तराला अल्फा म्हणू. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, की कनेक्शन किती कडक हा प्रश्न अर्धवट आहे, बीमच्या तुलनेत किती कडक असं विचारायला हवं. के २७,००० किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियन असेल तर आपल्या ६ मीटरच्या बीमला अल्फा ६ येतो. तेच कनेक्शन, तोच सेक्शन, फक्त स्पॅन १२ मीटर केला तर अल्फा १२. आणि ६ मीटरलाच चौपट ईआय असलेला जड बीम लावला तर अल्फा फक्त दीड. कनेक्शनमध्ये एक बोल्टही न बदलता ते एका बीमला बऱ्यापैकी कडक आणि दुसऱ्याला जवळजवळ पिन झालं. म्हणून कॅटलॉगमध्ये बघून 'हे रिजिड कनेक्शन' असं बीम न बघता म्हणताच येत नाही.

आता अल्फा ६ टाकून बघा. टोकाचा मोमेंट येतो ९० चा पाऊण भाग, ६७.५. मधोमध १३५ वजा ६७.५, म्हणजे तोही ६७.५! टोकाला आणि मधोमध अगदी सारखा मोमेंट, लोड गुणिले स्पॅनचा वर्ग भागिले १६. पिन धरलेल्या बीमपेक्षा डिझाइन मोमेंट निम्मा आणि फिक्स धरलेल्यापेक्षाही २५ टक्के कमी. बीमच्या दृष्टीने पूर्ण फिक्स टोक सगळ्यात चांगलं अशी आपली समजूत असते, पण मोमेंटच्या बाबतीत ती खरी नाही, अर्धवट कडक टोक त्यापेक्षा चांगलं ठरतं. आणि इथे कनेक्शनचं रोटेशन किती? ६७.५ भागिले २७,०००, म्हणजे ०.००२५ रेडियन. मघाचाच आकडा. ते मिलिमीटरपेक्षाही कमी सरकणं बीमचा अख्खा मोमेंट डायग्राम बदलून टाकतं. डिफ्लेक्शनचंही सुंदर आहे, पिन टोकांना १८.७५ मिलिमीटर, फिक्स टोकांना ३.७५, आणि अल्फा ६ ला ७.५, म्हणजे पाच, एक आणि दोन अशा प्रमाणात. स्पॅन भागिले ३६० ची मर्यादा लावली तर ती १६.७ मिलिमीटर येते, म्हणजे पिन धरलेला बीम नापास आणि प्रत्यक्षात बसवलेला तोच बीम आरामात पास. सेमी-रिजिड करण्यामागची सगळी ओढ या आकड्यांत आहे, लेबर आणि वेल्डिंग पूर्ण रिजिड कनेक्शनपेक्षा कमी आणि बीम पिनवाल्यापेक्षा हलका.

कोडवाल्यांनी पिन आणि रिजिडच्या सीमा ठरवल्यात त्याही याच अल्फावर. युरोकोड ३ म्हणतो अल्फा ०.५ किंवा कमी असेल तर पिन धरा, ब्रेसिंग (फ्रेम कलू न देणारे तिरके आधार) असलेल्या फ्रेममध्ये ८ किंवा जास्त असेल तर रिजिड धरा, बाकीच्या फ्रेममध्ये रिजिडसाठी २५ हवा. अमेरिकन कोड एआयएससी ३६० च्या कॉमेंटरीत २ च्या खाली सिंपल आणि २० च्या वर पूर्ण रिजिड, आणि तिथे स्टिफनेस सर्व्हिस लोडला जो सीकंट उतार (शून्यापासून कर्व्हवरच्या त्या बिंदूपर्यंतच्या सरळ रेषेचा) मिळतो तो घेतात. आयएस ८००:२००७ मध्येही अ‍ॅनेक्स एफ मध्ये रिजिड, सेमी-रिजिड आणि फ्लेक्सिबल असं वर्गीकरण दिलेलं आहे. आता आपल्या सूत्रात ०.५ टाका, टोकाला फिक्स्ड-एंड मोमेंटचा २० टक्के येतो. २ टाका, ५० टक्के! म्हणजे ज्याला आपण निर्धास्तपणे पिन म्हणतो तिथूनही कॉलममध्ये थोडाफार मोमेंट शिरतोच, आणि कडेच्या कॉलमला, जिथे दुसऱ्या बाजूने तोल सांभाळायला बीम नसतो, तिथे हे विसरणं बरोबर नाही.

युरोकोडमध्ये ८ आणि २५ असे दोन आकडे का, हे मला फार दिवस नुसतं पाठ होतं, कळलं नव्हतं. कळायला आडवा लोड बघावा लागतो. वर जो हिशेब केला त्यात बीमची दोन्ही टोकं एकमेकांच्या उलट फिरतात, मध्ये झोळ पडतो. पण वाऱ्याने किंवा भूकंपाने फ्रेम बाजूला कलते तेव्हा दोन्ही टोकं एकाच दिशेने फिरतात, बीम इंग्रजी एससारखा दुहेरी वाकतो. अशा वेळी बीमच्या टोकाचा स्टिफनेस सहा ईआय भागिले एल असतो, म्हणजे बीम स्वतः जास्त कडक वागतो, आणि त्यामुळे त्याच कनेक्शनचा मऊपणा जास्त जाणवतो. गणित केलं की बीमचा परिणामकारक स्टिफनेस, एक अधिक सहा भागिले अल्फा, एवढ्या पटीने कमी होतो. अल्फा ६ टाका, भाजक २ आला, बीम निम्मा झाला! जे कनेक्शन उभ्या लोडला सगळ्यात गोड ठरलं तेच फ्रेम कलताना बीमचा निम्मा स्टिफनेस खाऊन बसलं. आता ८ आणि २५ तपासा. अल्फा ८ ला उभ्या लोडमध्ये फिक्स्ड-एंड मोमेंटचा बरोबर ८० टक्के मिळतो. अल्फा २५ ला कलणाऱ्या फ्रेममध्ये बीमचा स्टिफनेस साधारण ८१ टक्के उरतो. कोडमध्ये हे आकडे याच हिशेबाने आले असं मी म्हणत नाही, तिथला निकष वेगळ्या वाटेने मांडलेला आहे, पण ब्रेसिंग नसलेल्या फ्रेममध्ये तिप्पट कडक कनेक्शन का लागतं ते यातून अगदी हाताला लागतं. ब्रेसिंग असेल तर कलण्याचं काम ब्रेसिंग बघून घेतं, जॉइंटला फक्त उभ्या लोडची काळजी. ब्रेसिंग नसेल तर फ्रेम उभी राहते ती जॉइंटांच्याच जिवावर.

आणि नुसता ड्रिफ्ट, म्हणजे फ्रेमचं बाजूला सरकणं, वाढून थांबत नाही. ड्रिफ्ट वाढला की कॉलमवरचं वजन त्या सरकलेल्या अंतराने अजून मोमेंट तयार करतं, तो पी-डेल्टा, त्याने ड्रिफ्ट अजून वाढतो. कॉलमची इफेक्टिव्ह लेंग्थ (बकलिंगच्या, म्हणजे दाबाखाली बाजूला वाकून जाण्याच्या, हिशेबातली लांबी) काढताना बीमचा स्टिफनेस वापरतो तिथेही हा कमी झालेला स्टिफनेसच घ्यायला हवा, नाहीतर कॉलमची बकलिंगची ताकद कागदावर जास्त आणि प्रत्यक्षात कमी. भूकंपाच्या हिशेबात फ्रेम मऊ झाली की टाइम पिरियड (एका झोक्याला लागणारा वेळ) वाढतो, बहुतेक वेळा बेस शिअर (पायाशी येणारं आडवं बल) कमी होतो, पण हलणं वाढतं, म्हणजे एका हाताने मिळालं ते दुसऱ्या हाताने गेलं. माझं स्पष्ट मत असं की ब्रेसिंग नसलेल्या फ्रेममध्ये सेमी-रिजिड कनेक्शन 'रिजिडच तर आहे' म्हणून ढकलून देणं ही यातली सगळ्यात धोक्याची सवय आहे, उभ्या लोडमध्ये चुकलात तर बीम थोडा जास्त वाकेल, इथे चुकलात तर प्रश्न स्टॅबिलिटीचा आहे.

हा विषय तसा नवीन अजिबात नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात विल्सन आणि मूर यांनी रिव्हेट केलेल्या जॉइंटांच्या कडकपणाच्या टेस्ट करून त्याचे निकाल १९१७ मध्ये छापले, म्हणजे हार्डी क्रॉसची मोमेंट डिस्ट्रिब्युशन मेथड यायच्या तेरा वर्षं आधी. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात स्टील स्ट्रक्चर्स रिसर्च कमिटीने यावर भरपूर काम केलं, जॉन बेकर त्यात होते, खऱ्या इमारतींवर मोजमापं घेतली, १९३६ ला शेवटचा रिपोर्ट आला, पण जी डिझाइन पद्धत निघाली ती हाताने करायला इतकी किचकट की ऑफिसांनी ती फारशी उचललीच नाही आणि बेकर स्वतः पुढे प्लास्टिक डिझाइनकडे वळले. कॉम्प्युटर आल्यावर मात्र चित्र बदललं, कारण मॅट्रिक्स पद्धतीत टोकाला स्प्रिंग घालणं हे दोन ओळींचं काम आहे.

पण त्या काळातली एक हाताची पद्धत अजूनही शिकण्यासारखी आहे, बीम-लाइन. आतापर्यंत आपण के हा एकच ठरलेला आकडा धरला, पण खरा एम-थीटा कर्व्ह सरळ रेषा नसतो, सुरुवातीला ताठ उभा चढतो आणि मग प्लेट, बोल्ट हळूहळू यील्ड व्हायला, म्हणजे कायमचे वाकायला-ताणायला, लागले की आडवा होत जातो. मग के कुठला घ्यायचा? त्याच ग्राफवर बीमची स्वतःची एक सरळ रेषा काढा, उभ्या अक्षावर ९० पासून, म्हणजे रोटेशन शून्य असेल तर एवढा मोमेंट, आणि आडव्या अक्षावर ०.०१ पर्यंत, म्हणजे मोमेंट शून्य असेल तर एवढं रोटेशन. ही रेषा कनेक्शनच्या कर्व्हला जिथे छेदते तिथेच बीम आणि कनेक्शन दोघांचं पटतं. समजा आपल्या कनेक्शनचा सुरुवातीचा उतार २७,००० आहे पण कर्व्ह वाकत वाकत ०.००४ रेडियनला ५४ किलोन्यूटन-मीटरवर येतो. तपासा, बीमच्या रेषेवर ०.००४ ला मोमेंट ९० वजा ३६, म्हणजे ५४च. छेदबिंदू सापडला. तिथला सीकंट उतार १३,५००, सुरुवातीच्या निम्मा, आणि मधोमध मोमेंट ६७.५ नाही तर ८१. युरोकोडमध्येही बोल्ट केलेल्या बीम-कॉलम एंड प्लेटला, मोमेंट कनेक्शनच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशापेक्षा वर जात असेल तर सरळ सुरुवातीचा स्टिफनेस भागिले २ घ्या असं सांगितलंय, आणि हे उदाहरण बघितलं की ते का सोयीचं आहे ते समजतं.

कर्व्ह वाकडा असण्याची अजून एक गंमत आहे जी सहसा सांगितली जात नाही. लोड वाढताना कनेक्शन त्या वाकड्या कर्व्हवरून जातं, पण लोड कमी होताना ते त्याच वाटेने परत येत नाही, सुरुवातीच्या ताठ उताराने परत येतं. आता फ्रेमवर आधी उभा लोड आहे आणि मग वारा आला. वाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला आधीच्या मोमेंटमध्ये भर पडते, ते कनेक्शन मऊ बाजूला सरकतं. अलीकडच्या टोकाला वाऱ्याचा मोमेंट आधीच्या उलट दिशेने येतो, तिथे कनेक्शन अनलोड होतं आणि ताठ वागतं. एकाच बीमची दोन्ही टोकं, कनेक्शन हुबेहूब सारखं, तरी एक मऊ आणि एक ताठ. जुन्या अमेरिकन प्रॅक्टिसमध्ये उभ्या लोडला कनेक्शन पिन धरायचं आणि वाऱ्याला तेच कनेक्शन रिजिड धरायचं अशी पद्धत होती, ऐकायला विचित्र वाटतं, कनेक्शनला कसं कळणार लोड कुठला आहे ते! पण अनलोडिंगचा हा ताठपणा लक्षात घेतला, आणि पहिल्या काही लोडिंगमध्ये कनेक्शन जे यील्ड व्हायचं ते होऊन पुढे इलॅस्टिक वागायला लागतं हेही धरलं, तर त्यामागे अगदीच तर्क नव्हता असं म्हणता येत नाही. फक्त कनेक्शनमध्ये न तुटता फिरायची क्षमता हवी, ही त्यातली मुख्य अट.

ही फिरायची क्षमता म्हणजे तिसरा गुण. स्टिफनेस, स्ट्रेंग्थ आणि रोटेशन कपॅसिटी हे तिन्ही वेगवेगळे आहेत आणि एक आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही. १७ जानेवारी १९९४ च्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपात अनेक स्टील इमारतींमध्ये बीमच्या फ्लॅंजचे कॉलमशी केलेले वेल्ड ठिसूळपणे तडकलेले आढळले. ती कनेक्शनं रिजिडच होती, स्टिफनेसला काही कमी नव्हतं, कमी पडली ती न तुटता फिरायची तयारी. चांगल्या डिटेलच्या बोल्ट केलेल्या सेमी-रिजिड कनेक्शनमध्ये पातळ प्लेट किंवा अँगल आधी वाकतात, बोल्ट आणि वेल्ड वाचतात. पण ते मुद्दाम तसं डिझाइन करावं लागतं, प्लेट जाड आणि बोल्ट बारीक ठेवलेत तर आधी बोल्ट तुटणार आणि तो काही सांगून तुटत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हे टाकताना बहुतेक ठिकाणी पार्शल फिक्सिटी किंवा रोटेशनल स्प्रिंग असा पर्याय असतो. आत जे चालतं ते असं: फिक्सिटी फॅक्टर आर म्हणजे एक भागिले, एक अधिक तीन भागिले अल्फा. पिनला आर शून्य, रिजिडला एक, आपल्या अल्फा ६ ला ०.६७. मग बीमच्या मॅट्रिक्समध्ये जो नेहमीचा चार ईआय भागिले एल असतो त्या चारच्या जागी बारा-आर भागिले, चार वजा दोन्ही टोकांच्या आरचा गुणाकार, असं येतं. दोन्ही टोकांना आर एक टाकला तर चार मिळतात, दूरच्या टोकाला शून्य टाकला तर तीन, म्हणजे आपली ओळखीची उत्तरं तशीच हाताला लागतात. युनिट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. काही ठिकाणी स्प्रिंग प्रति रेडियन मागतात, काही ठिकाणी प्रति अंश, आणि २७,००० प्रति रेडियन म्हणजे फक्त ४७१ प्रति अंश. ५७ पटीचा घोळ आहे हा, आणि तो सहज दिसत नाही, कारण प्रति अंशच्या रकान्यात २७,००० टाकलेत तर सॉफ्टवेअर गुपचूप रिजिड फ्रेमचं उत्तर देतं आणि उत्तर अगदी व्यवस्थित वाटतं.

के चा आकडा आणायचा कुठून, तर टेस्टचा कर्व्ह असेल तर सगळ्यात उत्तम, नाहीतर कंपोनंट मेथड, नाहीतर फ्राय-मॉरिसचं १९७५ चं पॉलिनोमियल किंवा किशी-चेनचं पॉवर मॉडेल, ज्यात सुरुवातीचा स्टिफनेस, अंतिम मोमेंट आणि आकाराचा एक घातांक एवढंच लागतं. गोदामातल्या पॅलेट रॅकच्या बीमची हुकवाली टोकं असतात ना, तिथे तर टेस्टशिवाय पर्यायच नाही, तो हुक कॉलमच्या खाचेत किती फिरतो हे कुठल्याही सूत्राने नीट निघत नाही, आणि लांबीच्या दिशेने रॅकला बऱ्याचदा ब्रेसिंग नसतं, तिथे त्याचं उभं राहणं बरंचसं त्या हुकांवरच असतं.

कुठूनही आणला तरी हा आकडा बरोबर असल्याची खात्री देता येत नाही, बोल्ट किती आवळलेत, प्लेट किती सपाट बसलीय, सगळ्याने तो हलतो. म्हणून मी सुचवेन की निम्मा के आणि दुप्पट के असे दोन रन काढाच. आपल्या बीममध्ये अल्फा ३ ला टोकाचा मोमेंट ५४ आणि अल्फा १२ ला ७७, म्हणजे के चौपट बदलला तरी मोमेंट दीडपटही बदलला नाही, उभा लोड बऱ्यापैकी माफ करतो. पण कलताना अल्फा ३ ला बीमचा स्टिफनेस एक तृतीयांश उरतो आणि अल्फा १२ ला दोन तृतीयांश, थेट दुप्पट फरक. त्यामुळे ड्रिफ्ट, पी-डेल्टा आणि कॉलमचं बकलिंग कमी के वर तपासा, बीमचा मधला मोमेंट आणि डिफ्लेक्शनही कमी के वरच, आणि कनेक्शनची ताकद व कडेच्या कॉलमचा मोमेंट जास्त के वर. एकाच रनमध्ये सगळं बसवायला गेलात तर यातलं एक काहीतरी नक्की सुटतं.